‘आडनाव काय?’ : अनोळखी तोंडून येणारा अपमान आणि त्याला उत्तर

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरकडे जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेला अनोळखी प्रवासी गप्पांची सुरुवात बहुधा गावापासून करतो. ‘गाव कोणतं?’ यानंतर ‘आडनाव काय?’ येते. आडनावावरून पुरेसा उलगडा झाला नाही, तर आवाज किंचित खाली आणून ‘म्हणजे तुम्ही कोणत्यात?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी दुष्टावा असतोच असे नाही. परंतु उत्तरानंतर ‘अहो’चा ‘अरे’ झाला, पुढे केलेला डबा मागे गेला किंवा गप्पाच थांबल्या, तर ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळते. प्रवास काही तासांत संपतो. तो क्षण मात्र दीर्घकाळ सोबत राहतो.

अशा प्रसंगी काय बोलावे, केव्हा गप्प बसावे आणि केव्हा कायद्याचे दार ठोठवावे, हा प्रश्न नांदेड-लातूरसारख्या शहरांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा उपचारासाठी येणाऱ्या असंख्य लोकांचा आहे.

वंशभेद आणि जातिभेद

वंशभेद म्हटले की अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिका आठवते आणि तो आपला विषय नव्हे, असे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६५ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने १९६८ मध्ये मान्यता दिलेल्या वंशभेदविरोधी करारात मात्र वंश व वर्ण यांबरोबरच ‘जन्मकुळ’ हाही भेदभावाचा आधार मानला आहे. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये जन्मकुळात जातीचाही समावेश होतो, असा अर्थ लावला. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका आहे आणि २००१ च्या दरबान परिषदेत त्यावर बराच वाद झाला होता. शास्त्रीय वाद काहीही असो. जन्माने मिळालेल्या ओळखीवरून अनोळखी माणसाने केलेला पाणउतारा सोसणाऱ्याला सारखाच लागतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमारास अशा किरकोळ भासणाऱ्या, परंतु रोज सोसाव्या लागणाऱ्या अपमानांसाठी जी संज्ञा वापरली, तिला मराठीत ‘सूक्ष्म आघात’ म्हणता येईल. एकेक आघात क्षुल्लक दिसतो. त्याची तक्रार केली तर ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असे ऐकावे लागते. ओझे होते ते त्यांच्या पुनरावृत्तीचे.

मराठवाड्याची पार्श्वभूमी

या भागात शब्द आणि हिंसा यांतील अंतर अनेकदा फार थोडे राहिले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथील पोचीराम कांबळे यांची त्याच दंगलीत हत्या झाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. एका नावासाठी सोळा वर्षे झगडलेल्या प्रदेशात ‘आडनाव काय?’ हा प्रश्न निव्वळ चौकशीचा राहत नाही.

वस्त्यांच्या नावांतही हा इतिहास मुरलेला होता. पत्ता सांगताच जात कळावी, अशी गल्ल्यांची आणि वाड्यांची नावे महाराष्ट्रभर रूढ होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. कागदावरचे नाव बदलता येते. रिक्षावाल्याच्या आणि घरमालकाच्या तोंडचे नाव बदलायला अधिक वेळ लागतो.

नित्याचे प्रकार

पहिला प्रकार घर शोधताना भेटतो. ‘लातूर पॅटर्न’ची ख्याती झाल्यापासून मराठवाड्यातील आणि बाहेरील विद्यार्थी लातुरात खोल्या घेऊन राहू लागले, नांदेडातही शिकवणीचा मोठा पसारा आहे. ‘खोली आहे’ असे सांगणारा मालक आडनाव ऐकून ‘कालच दिली’ म्हणतो, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. बाबुराव बागूल यांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथासंग्रहातील शीर्षककथेत परगावी नोकरीला गेलेला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो. त्या कथेला साठ वर्षे उलटली, तरी तिचा प्रसंग जुना वाटत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समान पात्रतेचे नोकरीचे अर्ज केवळ वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठविले होते. उच्चवर्णीय हिंदू आडनावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. पाहणी नोकरीची असली, तरी नाव वाचूनच दार बंद होते ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे.

दुसरा प्रकार स्तुतीच्या वेषात येतो. ‘तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही हो’, ‘मुस्लिम असून मराठी किती छान बोलता’ ही वाक्ये कौतुक म्हणून उच्चारली जातात. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते ते एवढेच, की त्याच्या समाजाकडून स्वच्छता, शिक्षण वा भाषा अपेक्षितच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला त्याच्याच भाषेबद्दल शाबासकी मिळावी, यात त्याला परके ठरविणेच असते. गुणांची चौकशी करून ‘आरक्षणातून का?’ असे विचारणे किंवा ‘सरकारचे जावई’ म्हणणे याच पंगतीत बसते.

तिसरा प्रकार विनोदाचा. गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. येथील दखनी शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची नांदेडकर. तरीही पगडी दिसताच ‘बारा वाजले का?’ असे विचारणारा महाभाग गाडीत, बाजारात भेटतोच. शिखांवरील विनोदांना आळा घालावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये पोहोचली. नागरिकांसाठी नैतिक वर्तनाचे नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे मत फेब्रुवारी २०१७ मध्ये खंडपीठाने व्यक्त केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच विषय पुन्हा सुनावणीस आला, तेव्हा तो महत्त्वाचा असल्याचे न्यायालयाने म्हटले. विनोदाला उत्तर देण्याची बरीचशी जबाबदारी समाजावरच राहते, हे यातून स्पष्ट होते.

चौथा प्रकार संशयाचा. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींवरचा शिक्का ऑगस्ट १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. लोकांच्या नजरेतून तो गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ‘हे लोक कोण?’ या प्रश्नाची ही परिणती होती.

तोंड का उघडत नाही?

आपल्यासमोर असे कोणी बोलले तर आपण खडसावू, असे बहुतेकांना वाटते. कॅनडात झालेल्या आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हा समज तपासला. कृष्णवर्णीय व्यक्तीविषयी अपशब्द काढणाऱ्याला टाळू, असे कल्पनेत सांगणाऱ्यांची संख्या मोठी होती. प्रत्यक्ष प्रसंगात बसविलेल्या लोकांपैकी बहुतेक गप्प राहिले आणि पुढच्या कामासाठी अनेकांनी त्याच माणसाला जोडीदार म्हणून निवडले.

ज्याला बोल लागतो त्याच्या मौनाची कारणे वेगळी असतात. धक्का, प्रवासात एकटे असणे, भांडण पेटण्याचे भय, खोली वा नोकरी हातची जाण्याची धास्ती. त्यामुळे ‘तेव्हाच का बोलला नाहीस?’ हा घरच्यांचा प्रश्न दुसरा घाव ठरतो. न बोलणे हा पराभव नव्हे. अनेकदा तो परिस्थितीचा अचूक अंदाज असतो.

उत्तराच्या रीती

प्रथम सुरक्षितता पाहावी. समोरचा दारू प्यालेला असेल, संख्येने अधिक लोक असतील, वेळ रात्रीची वा जागा निर्जन असेल, तर तेथून निघून जाणे हेच योग्य उत्तर. बसमध्ये वाहकाजवळची जागा घेता येते, रेल्वेत डबा बदलता येतो.

परिस्थिती निवळ असेल, तर सर्वांत उपयोगी ठरतो तो साधा उलट प्रश्न. ‘म्हणजे काय?’, ‘हे विचारण्याचं कारण?’ असे शांतपणे विचारले, की गृहीत धरलेली गोष्ट बोलणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागते आणि तेथे पुष्कळजण अडखळतात. विनोद असेल तर ‘मला कळला नाही, समजावून सांगा’ एवढे म्हटले तरी त्यातील हवा निघते. आडनावाच्या चौकशीला ‘गाव सांगितलं, काम सांगितलं, आता त्याहून काय हवं?’ असे उत्तर देणारे आहेत. काहीजण उलट जात ठणकावून सांगतात. लपविण्यासारखे काही नाही, हा त्या उत्तराचा अर्थ.

बोलताना रोख माणसावर न ठेवता वाक्यावर ठेवावा. ‘तुम्ही जातीयवादी आहात’ म्हटल्यास भांडण उभे राहते. ‘हे बोलणं बरोबर नाही’ म्हटल्यास निदान विचाराला जागा उरते. ज्येष्ठांशी ‘काका, असं म्हणू नका’ ही मराठी रीत आदर राखूनही ठाम राहते.

घटना घडून गेल्यावर तारीख, वेळ, ठिकाण, बसचा क्रमांक, नेमके शब्द आणि साक्षीदारांचे संपर्क लिहून ठेवावेत. विश्वासातील माणसाला सांगावे. मन हलके होते आणि पुढे गरज पडल्यास तपशील हाताशी राहतो.

शेजारी उभा असलेला माणूस

अशा प्रसंगी सर्वाधिक बळ असते ते ज्याचा अपमान झालेला नाही त्याच्या हातात. कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. व्याख्यानाने जे साधले नसते ते एका कपाने साधले.

सामान्य प्रवाशालाही हे जमण्याजोगे आहे. आधी ज्याचा अपमान झाला त्याच्याशी बोलावे. ‘इकडे बसा’ म्हणून जागा द्यावी. वेगळा विषय काढून बोलणे तोडावे. गरज पडल्यास वाहक, रेल्वे पोलीस वा दुकानमालकाला मध्ये घ्यावे. नंतर ‘साक्षीला मी आहे’ असे सांगणे तर अनमोल, कारण पुष्कळ तक्रारी साक्षीदाराअभावी गळतात.

कायदा कोठे सुरू होतो?

राज्यघटनेचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक ठिकाणे येथील भेदभावास मनाई करते आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंधक) कायदा, १९८९ यातील कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) नुसार लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा जातिवाचक शिवीगाळ करणे हा गुन्हा असून, त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे या कलमांत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बस, बाजार, फलाट ही ठिकाणे उघडच लोकांसमोरची आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही.

प्रवासात घटना घडली, तर हद्दीचा प्रश्न आड येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४५६६, तर तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीही प्रत्येक जिल्ह्यात असते.

धर्म, प्रांत वा भाषेवरून होणाऱ्या अपमानाला इतके नेमके संरक्षण नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे १९६, ३०२ आणि ३५२ आहेत. परंतु वैर वाढविण्याचा, धार्मिक भावना दुखावण्याचा किंवा शांतताभंगास चिथावण्याचा हेतू त्यांत सिद्ध करावा लागतो. अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमे सुचविली होती. पुढे आलेल्या न्याय संहितेतही अशी स्वतंत्र कलमे आली नाहीत.

पंगतीचा दाखला

कायद्याच्या उंबरठ्याखाली राहणारे बोलणेच रोजच्या आयुष्यात अधिक असते आणि तेथे उपयोगी पडतो तो शेजाऱ्याचा शब्द. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही. ताट पुढे येते. लातूरच्या सीमेपलीकडील कल्याण येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांनी जातीची चौकशी त्याज्य ठरविली होती. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सीचे मानले जाणारे संत नामदेव यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. जात न विचारण्याची परंपरा या भूमीत उपरी नाही. ती लंगरच्या पंगतीतून एसटीच्या बाकड्यापर्यंत येणे तेवढे बाकी आहे.