लिंकनपासून सुरुवात

इंग्लिश फुटबॉलचे आपल्याकडचे चाहते प्रीमियर लीगपाशी सुरू होतात आणि बहुधा तिथेच थांबतात. लिव्हरपूलचे अकराच्या अकरा खेळाडू त्यांना तोंडपाठ असतात. लिंकन, ग्रिम्सबी, स्कनथॉर्प ही गावे नकाशात शोधावी लागतात. पण इंग्लिश मॅनेजर कसा घडतो हे समजून घ्यायचे, तर सुरुवात या गावांपासूनच करावी लागते.

१९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या आठवड्याच्या पगारावर वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. ती उठली तेव्हा बड्या क्लबांतल्या नामवंतांचे दिवस पालटले. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या खेळाडूला मात्र तिशी उलटल्यावर पोटापाण्याचे काय, हा प्रश्न होताच. अनेकांना मॅनेजरकी हा त्याच धंद्यात टिकून राहण्याचा मार्ग वाटला. हे अर्थकारण ध्यानात न घेता लिहिलेली मॅनेजरांची चरित्रे मला अपुरी वाटतात.

ग्रॅहम टेलर यांचेच पाहा. जन्म १९४४ चा, बालपण स्कनथॉर्पमध्ये, वडील तिथल्या स्थानिक दैनिकाचे क्रीडा वार्ताहर. ग्रिम्सबी आणि लिंकन या दोन क्लबांकडून ते फुल-बॅक म्हणून खेळले. पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च, डिव्हिजनमध्ये एकही सामना नाही. कंबरेच्या दुखापतीने खेळ सुटला आणि १९७२ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते लिंकनचे मॅनेजर झाले. १९७५-७६ च्या हंगामात त्यांच्या संघाने चौथ्या डिव्हिजनमध्ये ४६ पैकी ३२ सामने जिंकले, फक्त चार हरले आणि १११ गोल केले. विजयाला दोन गुण मिळत त्या काळात ७४ गुणांची मजल लीगमध्ये दुसऱ्या कुणीच मारली नाही.

मग वॉटफर्ड. अध्यक्ष होते गायक एल्टन जॉन. १९७७ मध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये असलेला हा क्लब १९८२ मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला आणि पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा आला. लांब पास मारून धावत सुटणारा संघ, अशी टीका तेव्हा झाली. तीत तथ्य आहे. पण दोन्ही बगलांवरून सतत चढाई आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडणे हा विचारपूर्वक बसवलेला खेळ होता, हे टीकाकारांनी फारसे पाहिले नाही. जॉन बार्न्स नावाचा पोरगा सुडबरी कोर्ट या हौशी क्लबातून याच संघात आला.

इतके असूनही लोकांच्या लक्षात राहिले ते इंग्लंडचे मॅनेजर टेलर. १९९२ मध्ये स्वीडनकडून हार झाली आणि एका टॅब्लॉइडने त्यांच्या चेहऱ्याचे सलगम केले. १९९४ च्या विश्वचषकाला इंग्लंड पात्र ठरले नाही, टेलरांनी राजीनामा दिला. तीन वर्षांच्या त्या कारकिर्दीने आधीची अठरा वर्षे झाकून टाकली, हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे हे इंग्लिश मॅनेजरांच्या अभ्यासाचे मोठे काम आहे.

या कामाची साधने साधीच आहेत: सामन्यांच्या पुस्तिका, क्लबांचे जमाखर्च आणि गावोगावच्या दैनिकांच्या जुन्या फायली. टेलरांच्या वडिलांसारखे वार्ताहर मोठ्या पत्रांनी दोन ओळींत उरकलेल्या सामन्यांवर रकाने भरून लिहीत असत.

नव्या अभ्यासकांचे इथे मनापासून स्वागत आहे. विनंती एकच: टेलरांविषयी मत बनवण्याआधी लिंकनचा १९७५-७६ चा हंगाम एकेक सामना करून वाचा.