जुन्या तिकीट अल्बमचा कुबट वास : ऊन, अत्तर, डांबर गोळ्या नकोत, मग करायचं काय?

मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो किंवा ऑनलाइन लिलाव, टपाल तिकिटांचा भरलेला जुना अल्बम कधीकधी अगदी स्वस्तात हाती लागतो. घरी आणून उघडला की तिकिटांच्या आधी वास जाणवतो. हा अल्बम बरीच वर्षं माळ्यावर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकून पडला होता, हे नाकाला लगेच कळतं.

मग घरगुती प्रयोग सुरू होतात. कोणी अल्बम दिवसभर गॅलरीत उन्हात ठेवतं, कोणी पानांमध्ये डांबर गोळ्या टाकतं, तर कोणी अत्तर फवारतं. वास काही दिवस दबतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत येतो. तोवर तिकिटांचे रंग फिके पडलेले असतात किंवा डिंक पानाला चिकटलेला असतो.

असं होतं, कारण सगळी मेहनत वासावर खर्च होते आणि वासाचं कारण तसंच राहतं. कुबट वास म्हणजे अल्बममध्ये ओल मुरल्याची आणि बहुतेक वेळा बुरशी धरल्याची खूण. आधी ओल, मग बुरशी आणि शेवटी वास, या क्रमाने गेलं तर तिकिटं वाचतात.

हा वास येतो कुठून?

कागद, पुठ्ठा, कापडी बांधणी, बांधणीतली खळ आणि तिकिटामागचा डिंक हे सगळं बुरशीचं खाद्य आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाढायला पुरेसं पाणी मिळतं. मुंबई आणि कोकणात पावसाळ्याचे महिने आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे अल्बमवर पाण्याचा थेंबही न पडता तो आतून सादळू शकतो.

बुरशी वाढताना काही वायुरूप रसायनं सोडते आणि तोच आपल्याला येणारा कुबट वास. त्यातलं एक ओळखीचं रसायन म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासातही तेच असतं. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत फार तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी ते जाणवतं. म्हणूनच बांधणीच्या कण्यात थोडीशी बुरशी उरली तरी अख्खं कपाट वास मारतं.

पण प्रत्येक जुना वास बुरशीचा नसतो.

* गोडसर, व्हॅनिलासारखा वास : कागदातलं लिग्निन वयानुसार मोडतं, त्याचा हा वास. घाबरण्याचं कारण नाही.
* प्लॅस्टिकचा उग्र वास आणि चिकट पानं : अल्बममध्ये पीव्हीसीची आवरणं आहेत. ती तिकिटांना धोकादायक असतात. वास घालवत बसण्यापेक्षा तिकिटं लगेच बाहेर काढावीत.
* डांबर गोळ्या किंवा सिगारेटचा वास : इथे बुरशी नसू शकते. मोकळी हवा आणि कोळसा यांनी बराच फरक पडतो.
* ओल्या पोत्यासारखा, तळघरासारखा वास : हाच खरा कुबट वास. पुढची सगळी काळजी यासाठी.

साधं पुस्तक आणि तिकीट अल्बम यात फरक काय?

फरक डिंकाचा. मे १८४० मध्ये ब्रिटनने जगातलं पहिलं चिकट टपाल तिकीट, म्हणजे पेनी ब्लॅक, आणलं तेव्हापासून तिकिटाच्या मागे डिंक आहे. न वापरलेल्या, म्हणजे मिंट तिकिटाची किंमत बरीचशी या डिंकावर ठरते. डिंक मूळ स्थितीत असेल तर भाव चढतो, निघाला किंवा डागाळला तर उतरतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या महात्मा गांधींच्या चार तिकिटांचा संच, त्यातही १० रुपयांचं तिकीट, विकत घेताना जाणकार आधी ते उलटं करून बघतात ते यासाठीच.

डिंक दमट हवेत मऊ होतो आणि पानाला चिकटतो. फार कोरड्या हवेत तो आकसतो, तिकीट गुंडाळलं जातं आणि डिंकाला तडे जातात. त्यामुळे तिकिटं ओलीही नकोत आणि खडखडीत वाळलेलीही नकोत. ४० ते ५० टक्के आर्द्रता हा चांगला मध्य.

पायरी १ : अल्बम वेगळा ठेवा आणि तपासा

नवा आणलेला जुना अल्बम थेट बाकीच्या संग्रहाशेजारी ठेवू नये. बुरशीचे बीजाणू हवेतून पसरतात. आधी तो स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत घालून दुसऱ्या खोलीत न्यावा. ही पिशवी फक्त ने-आण करण्यापुरती. ओला अल्बम त्यात दिवसेंदिवस बंद ठेवला तर बुरशी आणखी वाढते.

तपासताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. भिंगातून पाहताना दोन गोष्टी शोधायच्या. मऊ, कापसासारखी, बोट लागताच पसरणारी बुरशी म्हणजे ती अजून वाढते आहे. कोरडी, भुकटीसारखी असेल तर ती सुप्त आहे. तिकिटाच्या दातेरी कडांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले तर ते जुने डाग. भारतातले संग्राहक त्यांना ‘रस्ट’ म्हणतात. वास गेला तरी हे डाग जात नाहीत, त्यामुळे तिकिटाचा भाव ठरवताना ते मोजावेच लागतात.

पायरी २ : तिकिटं बाहेर काढा

प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, म्हणजे क्रम आणि पानावरच्या नोंदी हरवत नाहीत. मग तिकिटांच्या चपट्या टोकाच्या चिमट्याने तिकिटं काढून ग्लासीन कागदाच्या पाकिटांत ठेवावीत. बोटांचा घाम आणि तेल डिंकाला लागू देऊ नये. जे तिकीट सहज सुटत नाही ते ओढायचं नाही, तसंच राहू द्यायचं.

या टप्प्यावर एक हिशेब करून टाकावा. जुन्या अल्बममधली बरीचशी तिकिटं रोजच्या वापरातली, लाखोंनी छापलेली असतात. डागाळलेलं साधं तिकीट वाचवण्यात तीन आठवडे घालवण्यापेक्षा तेच स्वच्छ तिकीट पुन्हा विकत घेणं परवडतं. मेहनत मोजक्या तिकिटांवर करावी.

पायरी ३ : ओल घालवा

रिकामा अल्बम पानं पंख्यासारखी पसरून कोरड्या खोलीत उभा ठेवावा. पंखा चालू असावा, पण झोत थेट पानांवर नको. पावसाळ्यात हे करायचं असेल तर एसीचा ‘ड्राय मोड’ किंवा डीह्युमिडिफायर लागतो, कारण बाहेरची हवा आधीच ओली असते. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात उत्तम मुहूर्त म्हणजे ऑक्टोबर हीट. हवा कोरडी होत जाते आणि सावलीतही पुठ्ठा आठवड्याभरात हलका लागायला लागतो.

पानं पूर्ण कोरडी झाल्यावरच बुरशी झटकायची. ओली बुरशी पुसली की ती कागदात आणखी घुसते. मऊ ब्रश घ्यावा, गॅलरीत किंवा उघड्या खिडकीजवळ काम करावं आणि ब्रश स्वतःपासून दूर, एकाच दिशेने फिरवावा. हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला मलमलीचं कापड बांधून पुठ्ठा आणि कणा साफ करता येतो. तिकिटांवर व्हॅक्यूम वापरू नये.

पायरी ४ : आता वास

झाकण असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. तळाशी वाटीत ॲक्टिव्हेटेड कोळसा, म्हणजे सक्रिय कोळसा ठेवावा. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. वर जाळी ठेवून त्यावर अल्बम अर्धवट उघडा उभा करावा. कोळसा पानांना लागता कामा नये, नाहीतर काळे डाग पडतील.

सक्रिय कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक भरतो आणि वासाची रसायनं त्यावर चिकटून राहतात. खाण्याचा सोडा आंबूस वासावर काम करतो, पण कुबट वासावर कोळशाइतका नाही. चुलीचा किंवा शेगडीचा कोळसा वापरू नये. त्याची क्षमता कमी आणि धूळ जास्त.

दर तीन-चार दिवसांनी डबा उघडून पानं बदलून पसरावीत. साधारण दोन ते तीन आठवड्यांत फरक कळतो. तरीही कण्यातून वास येत असेल तर खळ आणि पुठ्ठा आतून खराब झालेत असं समजावं. अशा वेळी अल्बम टाकून देणं हाच शहाणपणा. आधीच्या मालकाच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असतील तर ती पानं सोडवून, वाळवून वेगळी जपता येतात.

तिकिटांच्या वासाचं काय?

तिकिटांचा कागद पातळ असतो. कोरड्या खोलीत ग्लासीन पाकिटं उघडी ठेवली तर वास आपोआप विरतो. शिक्का मारलेली, डिंक नसलेली साधी तिकिटं स्वच्छ, साध्या पाण्यात काही मिनिटं भिजवून टिपकागदात वाळवता येतात. पण काही जुनी शाई पाण्यात उतरते. शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून ब्रिटनने १८८३-८४ मधली काही तिकिटं मुद्दाम अशा शाईत छापली होती. मिंट तिकिटं, तिकीट लावलेली जुनी पाकिटं आणि शाईबद्दल शंका असलेलं काहीही पाण्यात घालू नये.

पानाला चिकटलेल्या तिकिटासाठी संग्राहक बंद डब्यात खाली ओला स्पंज आणि वर जाळीवर पान ठेवतात. दमट हवेने डिंक हळूहळू सुटतो. हे बुरशी झटकल्यानंतरच करावं, दर थोड्या वेळाने बघत राहावं आणि तिकीट सुटताच वाळवावं. मिंट तिकिटाच्या डिंकाची चमक यात जाऊ शकते. महाग तिकीट असेल तर ते जाणकाराकडेच द्यावं.

हे मात्र करू नका

* थेट ऊन : अतिनील किरणांनी रंग उडतात, डिंक आकसतो.
* हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, इस्त्री : उष्णतेने डिंक वितळतो किंवा तडकतो.
* अत्तर, रूम फ्रेशनर, धूप : तेल आणि धुराचे कण कागदात मुरतात. कुबट वासावर आणखी एक वास चढतो, इतकंच.
* डांबर गोळ्या : त्या किड्यांसाठी असतात, बुरशीच्या वासावर त्यांचा उपयोग नाही. त्यांचा स्वतःचा वास मात्र वर्षानुवर्षं जात नाही.
* व्हिनेगर, ब्लीच, जंतुनाशक : आम्ल आणि ब्लीच कागद कमकुवत करतात, द्रवाने डिंक जातो.
* ओझोन यंत्र : वास जातो, पण ओझोन कागद आणि रंग दोन्हींना कमकुवत करतो.
* फ्रीझरवर भरवसा : थंडीने बुरशीची वाढ थांबते, पण बीजाणू मरतीलच असं नाही आणि वास तसाच राहतो.

जुन्या पोथ्या लाल कापडात गुंडाळून सोबत वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती कीड लागू नये म्हणून. तिकिटांमध्ये पाला ठेवला तर त्याची ओल आणि डाग दोन्ही कागदाला लागतात.

वास परत येऊ नये म्हणून

अल्बम पुस्तकासारखे उभे ठेवावेत. एकावर एक रचले की खालच्या तिकिटांवर भार येतो आणि ती चिकटतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं पुढे असावं. माळा आणि पलंगाखालचा कप्पा टाळावा. नवे अल्बम घेताना आम्लरहित पानं आणि पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची आवरणं निवडावीत.

कपाटात छोटं आर्द्रतामापक ठेवलं तर अंदाजाने काम करावं लागत नाही. आकडा ६० च्या वर जायला लागला की सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या किंवा गरम करून पुन्हा कोरड्या करायच्या. सिलिका जेल ओल शोषतं, वास नाही. त्यामुळे ते कोळशाच्या जागी चालत नाही.

आणि पुढच्या वेळी जुना अल्बम विकत घेताना पहिलं पान न बघता मधलं पान उघडावं, कण्याजवळ नाक नेऊन वास घ्यावा, एखादं तिकीट चिमट्याने हलतं का ते बघावं. वास तीव्र असेल आणि तिकिटं पानाला चिकटलेली असतील तर विक्रेत्याशी घासाघीस करायला तेवढं कारण पुरेसं आहे.