इरईचा खडक आणि फ्रिट्झ लोवे

उन्हाने पाय पोळणाऱ्या आमच्या या मुलखात बर्फाची कथा सांगावयाची, म्हणजे श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. तेथील चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. ते प्राचीन बर्फाने ओढून नेलेल्या दगडांचे होत, अशा अर्थाचे टिपण फेडन या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली प्रसिद्ध केले.

येथे बर्फ आले कोठून? जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून सांगितले की, खंडे सरकतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाकडे होती. गोंडांच्या या भूमीचेच नाव शास्त्रज्ञांनी त्या जुन्या महाखंडाला दिले.

फ्रिट्झ लोवे हे या वेगेनरांचे सहकारी. ३० ऑक्टोबर १९३० रोजी दोघे, रासमुस विलुमसेन या ग्रीनलंडवासी तरुणासह, हिमपठाराच्या मध्यावरील ठाण्यावर पोचले. किनारा चारशे किलोमीटर मागे राहिला होता. वाटेतच लोवे यांचे पाय गोठले होते. ठाण्यावरील गेओर्गी व सोर्गे यांनी भूल न देता, खिशातल्या चाकूने त्यांची बोटे कापली.

शिधा पाच जणांना पुरणार नव्हता. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनसह परत निघाले. दोघेही वाटेत मरण पावले. लोवे महिनोन्‌महिने झोपण्याच्या पिशवीत पडून होते. सोबत्यांनी आपल्या घासातला घास त्यांना दिला.

जे त्या बर्फाने केले नाही, ते माणसांनी केले. ज्यू म्हणून लोवे यांना १९३४ मध्ये जर्मनी सोडावी लागली. मेलबर्नने त्यांना जागा दिली. तेथील विद्यापीठात १९३९ साली त्यांनी हवामानशास्त्राचा विभाग उभारला. पुढे, बोटे नसलेल्या त्याच पायांनी ते अंटार्क्टिकाला गेले. १९५१ मध्ये फ्रेंच मोहिमेबरोबर तेथे राहून, वाऱ्याबरोबर वाहून जाणाऱ्या बर्फाचा त्यांनी अभ्यास केला. १९७४ साली ते निवर्तले.

त्यांच्या धैर्याची स्तुती करून आम्ही मोकळे होणार नाही. इरईपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्यास, बाबा आमटे यांच्या आनंदवनात, बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, माळरान पिकविले. त्या हातांत बळ होतेच. गावाने त्यांना जागा नाकारली होती. लोवे यांची आठवण आम्हांला एवढेच विचारते: आमच्या वेशीवर आलेल्या अशा माणसाचे आम्ही काय मोजतो, गेलेली बोटे की उरलेले काम?