सप्तपदीचा पुरावा

दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप या तिथे स्थायिक झालेल्या हिंदी माणसाची पत्नी बाई मरियम हिला अधिकाऱ्यांनी देशात येऊ दिले नव्हते. स्थायिक हिंदी माणसाला आपली बायको आणि अज्ञान मुले आणायची कायद्याने मुभा होती. प्रश्न एवढाच होता की ‘बायको’ म्हणायचे कोणाला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न या कायद्यापुरते लग्नच नव्हे, असे न्यायमूर्तींनी ठरवले. निकाल एका मुसलमान जोडप्याबद्दल होता, पण तोच न्याय लावला तर हिंदूंची आणि पारशांचीही लग्ने धोक्यात येत होती. ख्रिस्ती विधीने न लागलेले आणि तिथल्या दफ्तरी न नोंदलेले प्रत्येक लग्न या निकालाने बाद झाले, असा अर्थ गांधीजींनी काढला, आणि तोच अर्थ घरोघरी पोचला.

त्या लढ्यातला तीन पौंडांचा कर आणि ट्रान्सवालच्या सीमेवरचा मोर्चा आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतो. लग्नाच्या दाखल्याची बाजू मागे पडली आहे. बायका लढ्यात उतरल्या त्या मात्र याच कारणाने. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा आणि फिनिक्स आश्रमातल्या काही स्त्रिया ट्रान्सवालची हद्द ओलांडून तुरुंगात गेल्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. आदल्याच वर्षी तिथे जाऊन आलेले गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा प्रकृती ढासळलेली असतानाही हिंदुस्थानात या लढ्यासाठी पैसा गोळा करत होते. १९१४ च्या कायद्याने एकपत्नी लग्नांना मान्यता दिली आणि हिंदी धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमण्याची तरतूद केली. भटजी किंवा मौलवी सही करील आणि ती सही सरकार मानील, अशी ही सोय. तीन पौंडांचा कर रद्द झाला त्याच कायद्यात अंगठ्याचा ठसा असलेला नाताळचा रहिवासी दाखलाही प्रवेशाच्या हक्काचा पक्का पुरावा ठरला.

मला या प्रकरणात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. परक्या देशाच्या दारात लग्न ही घडून गेलेली गोष्ट राहत नाही. तो एक दावा होतो. आणि दावा म्हटला की तो मांडून देणारा कोणीतरी लागतो. दक्षिण आफ्रिकेत तो वकील होता, पुढे नेताही झाला. त्यानंतरच्या काळात हे काम कोणी केले, याचा माग घेत मी ब्रिटनच्या इतिहासाकडे वळलो. तिथे ही कहाणी सर्वांत लांब चालली आहे, आणि तिथल्या मराठी माणसांचे कागद मी स्वतः हाताळले आहेत.

१ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या नागरिकांवर ब्रिटनने प्रवेशाची बंधने घातली. बायका आणि सोळा वर्षांखालची मुले यांचा हक्क मात्र कायम ठेवला. सुरुवातीला कित्येक जणी कोणताही पूर्वदाखला न घेता थेट विमानतळावर उतरत. नवरा बाहेर उभा, बायको आत, आणि मधे अधिकारी. १९६९ मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलहन यांच्या कारकिर्दीत नियम बदलला: बायकामुलांनी आपल्याच देशातल्या ब्रिटिश कचेरीतून एंट्री सर्टिफिकेट घेऊनच निघायचे. ही सोय म्हणून मांडली गेली. लंडनला येऊन परत जाण्यापेक्षा आधीच निकाल लागलेला बरा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. प्रत्यक्षात विमानतळावरची रांग मुंबई, दिल्ली, ढाका, इस्लामाबादला नेऊन ठेवली गेली. तिथे ती ब्रिटिश वर्तमानपत्रांना दिसत नव्हती, आणि महिनोन्‌महिने, पुढे वर्षावर गेली तरी कोणी विचारत नव्हते.

मुलाखतीचे तंत्र याच कचेऱ्यांत घडले. नवऱ्याला इंग्लंडात प्रश्न, बायकोला इथे प्रश्न, मग उत्तरे शेजारी ठेवून पाहायची. घराला खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, लग्नात कोणकोण आले होते, सासऱ्याची भावंडे किती. उत्तरे जुळली नाहीत की संशय. ‘विसंगती’ हा या दफ्तरातला सर्वांत घातक शब्द होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला ‘घरात माणसे किती’ हा प्रश्न विचारून पाहा: ती चुलीवर जेवणारी मोजील की एका छपराखाली झोपणारी? मदत करणाऱ्यांची यात गोची अशी की उत्तरे तयार करून घ्यावीत तर ती पढवल्यासारखी वाटतात, आणि तयार न करावीत तर जुळत नाहीत. ब्रिटनच्या वांशिक समता आयोगाने या पद्धतीची रीतसर चौकशी करून १९८५ मध्ये तिच्यावर कठोर अहवाल दिला.

आपल्या महाराष्ट्रातल्या कागदांची यात स्वतंत्र गंमत आहे. गंमत म्हणायचे ते आता, लांबून. लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, पत्रिकेत माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे. राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा असतो हे बहुतेकांना पासपोर्टच्या रांगेत कळे. आणि जन्मतारीख? शाळा जूनमध्ये उघडते म्हणून मास्तरांनी पोराची तारीख १ जून टाकून दिलेली. त्या पिढीत नवरा १ जूनचा आणि बायकोही १ जूनची, असे जोडपे आपल्याला नवल वाटत नाही. टेबलापलीकडच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते बनावट कागदांचे लक्षण वाटायला काय हरकत?

लग्नाची नोंद हीसुद्धा आपल्याकडे उशिराची सवय. मुंबई राज्याचा लग्ननोंदणीचा कायदा १९५३ चा आहे, पण हिंदू विवाह कायद्याच्या दृष्टीने लग्न पुरे होते ते सप्तपदीने. नोंद नसली म्हणून ते अडत नाही. महाराष्ट्राचा आताचा कायदा १९९८ चा. नोंदणी सर्वांना सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ मध्ये. त्याआधी परदेशी जाणाऱ्या जोडप्याजवळ पुरावा म्हणून काय असे? लग्नपत्रिका, मंगळसूत्र घालतानाचा फोटो आणि भटजींची सही. घरात देवाजवळ ठेवलेली पत्रिका एकदम सरकारी दस्तऐवज झाली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनला गेलेल्या मराठी माणसांत डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक यांचे प्रमाण चांगले होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचे. या वर्गाकडे कागद होते, इंग्रजी होते, अर्ज भरायची तीन पिढ्यांची सवय होती. खरा मार बसला तो सिल्हेट, मीरपूर आणि जालंधरकडच्या शेतकरी कुटुंबांना. आपल्या दिवाळी अंकांतल्या परदेशी आठवणींत ही रांग फारशी दिसत नाही, याचे कारण ती आपल्या वाट्याला कमी आली हे आहे. कागद ही जातीने आणि शिक्षणाने मिळालेली मालमत्ता आहे.

या रांगेतल्या लोकांसाठी मदतीची यंत्रणा उभी राहिली ती खालून. साउथॉलमध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनचे कार्यकर्ते कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या मजुरांचे अर्ज भरून देत. १९६७ मध्ये जॉइंट कौन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ इमिग्रंट्स ही संस्था निघाली. १९७० मध्ये अपिलांत मदत करण्यासाठी सरकारी पैशावर चालणारी यूके इमिग्रंट्स ॲडव्हायझरी सर्व्हिस निघाली. दार बंद करणारे सरकार, आणि दार ठोठवायला माणूस देणारेही तेच. या संस्थेच्या स्वातंत्र्याबद्दल तेव्हा पुष्कळ वाद झाले. पण ज्याला इंग्रजी येत नाही त्याला अपिलाच्या सुनावणीत शेजारी बसायला माणूस मिळाला, हे कमी नव्हते.

पुरावा मागण्याची हद्द कुठवर जाते ते जानेवारी १९७९ मध्ये दिसले. त्या वेळी बायकोला एंट्री सर्टिफिकेटसाठी रांगेत थांबावे लागे, पण वाग्दत्त वधूला तीन महिन्यांत लग्न करण्याच्या बोलीवर त्याशिवाय येता येई. म्हणून संशय असा की लग्न झालेल्या बायका वाग्दत्त असल्याचे सांगून रांग टाळतात. भारतातून आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली. लग्न झालेले नाही याचा कागद कोणाजवळच नसतो, तेव्हा अधिकाऱ्यांनी तिच्या शरीरालाच कागद मानले. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने बातमी छापली, गृहमंत्र्यांनी अशा चाचण्या बंद केल्या. आशियाई स्त्रियांच्या ‘आवाज’ या गटाने हीथ्रोवर निदर्शने केली. हा एकच प्रकार नव्हता. पुढे ईव्हन स्मिथ आणि मारिनेला मार्मो या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांना ब्रिटिश अभिलेखागारात भारतीय उपखंडातल्या कचेऱ्यांत झालेल्या अशा ऐंशीहून अधिक चाचण्यांच्या नोंदी सापडल्या.

त्यानंतरच्या वर्षी पुरुषांची पाळी आली. ब्रिटनमधल्या मुलीशी लग्न करून येऊ पाहणाऱ्या नवऱ्याचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे आता पाहिले जाऊ लागले, आणि १९८३ पासून ते सिद्ध करण्याचा बोजा अर्जदारावर आला. ‘प्रायमरी पर्पज’ म्हणून हा नियम कुप्रसिद्ध आहे. हेतू नाही हे सिद्ध कसे करायचे? अधिकाऱ्यांचा एक ठरलेला तर्क आपल्या वाचकाला लगेच ओळखू येईल: तुमच्या रीतीप्रमाणे मुलगी सासरी जाते, मग हा मुलगा बायकोच्या देशी का निघाला? घरजावयाबद्दलची आपली जुनी टिंगल अशी परराष्ट्र खात्याच्या फायलीत पुरावा होऊन बसली.

२८ मे १९८५ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने तीन स्त्रियांच्या खटल्यात ब्रिटनविरुद्ध निकाल दिला: बायको आणणे सोपे आणि नवरा आणणे अवघड, हा स्त्रीपुरुषभेद आहे. त्यातली एक, नर्गिस अब्दुलअजीज, मलावीत जन्मलेली, भारतीय वंशाची. ब्रिटनने त्याच वर्षी भेद दूर केला. तो असा की नवऱ्यांवरच्या अटी बायकांनाही लावल्या. ‘प्रायमरी पर्पज’चा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला.

हेतूच्या जागी आता उत्पन्न आले आहे. जुलै २०१२ पासून जोडीदाराला बोलवायचे तर वर्षाला १८,६०० पौंडांची मिळकत दाखवावी लागे. एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्याशी जुळणारी बँकेची पाने. विसंगती तीच, फक्त विहिरीच्या जागी आकडा.

मदतीचे मात्र उलटे झाले. १९९९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा व्यवहार करणे, मग तो फुकट का असेना, गुन्हा ठरवला. लबाड एजंटांनी लोकांना इतके लुबाडले होते की हे गरजेचेच होते. साउथॉलची जुनी सल्लासेवा १९९३ मध्ये विभागली गेली असे सांगितले जाते ते चूक. विभागणी झाली ती १९७० च्या सरकारी सेवेची, आणि तिच्यातून निघालेली इमिग्रेशन ॲडव्हायझरी सर्व्हिस २०११ मध्ये बंद पडली. १ एप्रिल २०१३ पासून अशा बहुतेक प्रकरणांतून सरकारी कायदेशीर मदतही काढून घेतली गेली. राहिले खाजगी वकील, आणि ओळखीतले कोणी काका.

अशा काकांपैकी मी एक. सल्ला देत नाही. ती मुभा मला नाही. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून देतो. खाली ‘हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे’ असे लिहून तारीख, नाव, पत्ता आणि सही करावी लागते. लग्नपत्रिका आली की श्रीगणेशाय नमः पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत सगळे उतरवतो. मामाच्या भाच्यांची नावेसुद्धा सोडत नाही, कारण ‘लग्नाला कोण होते’ हा प्रश्न अजून विचारला जातो. मुलीच्या नावामागच्या ‘चि. सौ. कां.’ पाशी मात्र दर वेळी थांबतो. लग्नाआधी छापलेल्या कागदावर मुलीला सौभाग्यकांक्षिणी म्हटले आहे, त्यातल्या ‘सौ.’चा अर्थ कोणी विवाहित असा लावला तर तारखांचा घोळ होईल. म्हणून तळटीप देतो: या पत्रिकेच्या तारखेला वधू अविवाहित होती.