घड्याळाचा फोटो : दाखवायचा की तपासायचा?

जुनी मनगटी घड्याळं जमवणाऱ्यांना बहुतेक वेळा आणखी एक छंद जडतो, तो म्हणजे त्या घड्याळांचे फोटो काढणं. वरवर बघता हा निव्वळ हौसेचा मामला. पण या फोटोंचा इतिहास पाहिला तर संशोधनाकडे वळणाऱ्यांच्या कामाचा एक प्रश्न त्यात सापडतो: चित्र दाखवायला काढायचं की तपासायला?

सुरुवात जाहिरातींपासून करू. घड्याळाच्या जाहिरातीत काटे साधारण १०:१० वर असतात. त्या वेळी अब्राहम लिंकन वारले म्हणून, असं सांगतात. ते खोटं आहे. त्यांच्यावर गोळी रात्री दहानंतर झाडली गेली, पण मृत्यू झाला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२२ ला. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच जाहिरातींत ८:२० दिसतात. दोन्ही वेळांना बाराखालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं. फरक इतकाच की ८:२० ला काटे खाली झुकतात आणि घड्याळाचा चेहरा उतरल्यासारखा वाटतो. थोडक्यात, ही मांडणी विक्रीची. संग्राहकांनीही आधी तीच उचलली.

पुढे जुन्या घड्याळांना भाव आला. १९८९ साली जिनिव्हात अँटिकोरम या लिलावसंस्थेने फक्त पाटेक फिलिप घड्याळांचा मोठा लिलाव केला. पैसा आला की नक्कल आणि रंगरंगोटीही येते. मग फोटोला नवा प्रश्न विचारला जाऊ लागला: तबकडी मूळची आहे का?

आपल्याकडचं उदाहरण एचएमटीचं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभा राहिला. जनता, पायलट, कांचन ही नावं घरोघरी पोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. दुसरीकडे जुन्या घड्याळांवर नव्याने छापलेल्या भडक तबकड्या बसवून ती विकली जातात. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात!

म्हणून जाणकार संग्राहक पाठीमागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो काढतो, झाकणावरचा क्रमांक टिपतो, तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा जवळून घेतो. नव्या छपाईत अक्षरं बऱ्याचदा जाड होतात, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत.

इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. पिवळ्या दिव्याखाली पांढरी तबकडी जुनाट दिसते, म्हणून शेजारी करडं कार्ड ठेवून रंग जुळवून घ्यावा लागतो. पोलरायझर काचेवरची चमक कमी करतो, पण तिरक्या कोनातच. सरळ वरून फोटो काढला तर त्याचा फारसा उपयोग नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात १:१ मॅक्रोला, एफ/८ वर, जेमतेम १ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. त्यामुळे काटे आणि तबकडी दोन्ही हवे असतील तर अनेक फोटो जोडावे लागतात. जोडायला हरकत नाही, पण जोडलेत हे सांगायला हवं.

आता खरी अडचण. संग्राहक तपासतो कशाशी? इतरांच्या फोटोंशी. समजा, रंगवलेल्या तबकडीचे देखणे फोटो सगळीकडे पसरले. नवा संग्राहक त्यांनाच मूळ मानणार, आणि अस्सल, थोडी डागाळलेली तबकडी त्याला संशयास्पद वाटणार. घड्याळं बनवणारी कंपनीच बंद, मग विचारणार कोणाला? म्हणजे एक घड्याळ फसवं निघालं एवढ्यावर हे थांबत नाही, मोजायची पट्टीच बिघडते.

प्रयोगशाळेतही हेच होतं. शोधनिबंधातली आकृती १०:१० वरच्या घड्याळासारखी असते: नीटनेटकी, नाव मोकळं ठेवणारी. ती असू द्या. पण मूळ प्रतिमा, प्रकाश, मोजपट्टी आणि केलेले बदल यांची नोंद वेगळी जपा. कारण उद्या कोणीतरी स्वतःचं काम तुमच्या चित्राशी ताडून बघणार आहे आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल.