भिंतीवरची कॉफीची चक्की

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी व नेदरलँड्समधील स्वयंपाकघरांत भिंतीला स्क्रूने बसवलेली कॉफीची चक्की सर्रास आढळे. वर बिया ठेवायचे चिनीमातीचे नक्षीदार भांडे, मध्ये कड्यात फिरणारा दातेरी शंकू, खाली पूड झेलणारा काचेचा पेला, अशी तिची रचना असे. ती पूड साध्या उकळत्या पाण्याच्या कॉफीसाठी, आणि १९०८ नंतर मेलिटा बेंट्झ यांच्या कागदी गाळणीसाठीही, पुरेशी होती. एस्प्रेसो, म्हणजे गरम पाणी दाबाने पुडीतून लोटून काढलेला दाट अर्क, मात्र बेझेरा यांच्या १९०१च्या मिलानमधील यंत्रापासून उपाहारगृहांतच वाढला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्राने दाब सुमारे ९ बारपर्यंत नेल्यावर त्याला अतिशय बारीक, एकसारखी पूड अनिवार्य झाली. जुन्या चक्कीचा आस डगमगत नसेल आणि दाते झिजलेले नसतील, तर शंकू कड्याच्या अगदी जवळ आणून तीही अशी पूड देऊ शकते. शिवाय, आणि हे तिचे फारसे न ओळखलेले मोठेपण आहे, बारीक दळताना चक्की घट्ट धरून ठेवण्याचा जोर भिंत पेलते; हाताला फक्त दांडा फिरवावा लागतो.