दुचाकीचें चिलखत

दुचाकीस संरक्षक गार्ड बसवावा काय, हा प्रश्न दुकानाच्या दारांत निघतो आणि बहुधा किंमतीच्या घासाघिशींतच विरतो. वस्तुतः त्याच्या पाठीशीं शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा निवाडा सर्व गार्डांस सारखा लागू पडत नाहीं.

१८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ली यानें इंग्लंडांत ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल तयार केली. पुढें स्त्रियाहि सायकलवर बसूं लागल्या, तेव्हां त्यांचे घोळदार झगे साखळींत व मागील चाकांत अडकण्याचें भय उत्पन्न झालें. म्हणून साखळीवर आवरण आलें आणि चाकाच्या दोहों बाजूंस दोऱ्यांची जाळी आली. धोका नेमका होता, उपायहि तितकाच नेमका होता.

१९४६ सालीं इटलींत कोर्रादीनो दास्कानियो या विमानरचनाकारानें व्हेस्पा घडविली. तिच्यांत पायांपुढील पत्रा हा गाडीच्या अंगाचाच भाग होता. त्यामुळें चिखल अडला आणि झांकलेल्या इंजिनामुळें कपड्यांवरील तेलाचे डागहि टळले. याच जातीच्या स्कूटरी पुढें पुण्याजवळ आकुर्डीस बनूं लागल्या.

मोटारसायकलीचें मागील चाक मात्र उघडें, आणि आपल्याकडे मागें एका अंगास बसणारी स्त्री साडी नेसलेली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं हा धोका ओळखला. मागें बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलीस धरावयास मूठ, पाय ठेवावयास आधार आणि निदान अर्धें मागील चाक झांकणारें आवरण असलेंच पाहिजे, असें १२३ वा नियम सांगतो.

पायांच्या बाजूंस बसविलेल्या लोखंडी नळीची कथा निराळी. अमेरिकेंत हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनीं लॉस एंजलिस भागांतील सुमारें ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालाप्रमाणें अशा नळीमुळें पाऊल व घोटा यांच्या जखमा घटतात. परंतु गुडघा, नडगी व मांडी यांच्या जखमा वाढून तो लाभ फिटून जातो. शिरस्त्राणाची उपयुक्तता मात्र त्याच अहवालानें निःसंदिग्धपणें सांगितली आहे. उभी गाडी कलंडली असतां नळीमुळें इंजिनाचें आवरण वांचतें, हें खोटें नव्हे. पण तें गाडीचें रक्षण, बसणाऱ्याचें नव्हे.

शोभेसाठीं चाकावरील जाळी काढून टाकणारा तरुण आणि भक्कम नळी बसवून उघड्या डोक्यानें निघणारा गृहस्थ, हे दोघेहि एकच चूक करितात. दोघांचीहि दृष्टि गाडीवर खिळलेली असते. तीवर बसणाऱ्या माणसापर्यंत ती पोंचतच नाहीं.